कस : वस्तूच्या आत की दगडावर?

‘जमिनीचा कस गेला’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा मातीच्या पोटातले, डोळ्यांना न दिसणारे काहीतरी संपले असे त्याला सांगायचे असते. सकस अन्न, कसदार लेखन, निकस माती. सर्वत्र कस म्हणजे अंगभूत सत्त्व. हा शब्द जन्मला मात्र वस्तूच्या बाहेर, सोनाराच्या काळ्या दगडावर.

संस्कृतात ‘कष्’ म्हणजे घासणे. ज्यावर सोने घासून पाहायचे तो दगड ‘कष’ किंवा ‘निकष’. प्राकृतात ‘ष’चा ‘स’ झाला. ‘कषपट्टिके’ची ‘कसोटी’ झाली. घासण्यापासून दगड, दगडावरून परीक्षा, परीक्षेवरून शुद्धता आणि अखेर वस्तूचा स्वभावगुण, असा हा अर्थाचा प्रवास. ‘बावनकशी’ सोन्यात त्याची मधली पायरी अजून दिसते. (‘निकष’ आणि ‘निकस’ यांची गल्लत मात्र नको. दुसऱ्यातला ‘नि’ अभाव दाखवतो.)

खरी गोष्ट पुढेच आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणातील तेराव्या अध्यायात सोन्याच्या परीक्षेचे नियम आहेत. सोन्यात तांब्याचे प्रमाण एकेका काकणीने वाढवत सोळा प्रतींचे नमुने करायचे. आधी परीक्षेचे सोने दगडावर घासायचे, मग नमुना घासायचा आणि दोन्ही रेघा ताडून पाहायच्या. नखाच्या कडेतून गेरूची पूड सोडून रेघेचा रंग बदलणारे लबाडही ग्रंथकाराला ठाऊक आहेत.

पण लबाडी केवळ हाताचीच नसते. कलिंगाचा किंवा तापीचा, मुगाच्या रंगाचा दगड श्रेष्ठ, असे तो सांगतो. (ही तापी म्हणजे आपल्या खानदेशातून वाहणारी.) रंग जसाच्या तसा दाखवणारा दगड घेणाऱ्यालाही हिताचा आणि विकणाऱ्यालाही. हत्तीच्या कातडीसारखा, हिरवट झाक असलेला दगड रंग खुलवून दाखवतो, म्हणून तो विकणाऱ्याच्या सोयीचा. कठीण, खरखरीत, विषम रंगाचा दगड रंग दडवतो; तो घेणाऱ्याच्या फायद्याचा.

सोने तेच. दगड बदलला की कस बदलला! ज्याला आपण वस्तूचा अंगभूत गुण म्हणतो, त्या शब्दाच्या मुळाशी हा व्यवहार आहे, हे मला कोणत्याही व्युत्पत्तीपेक्षा मोलाचे वाटते. ‘निकषांवर उतरला नाही’ असे वाक्य आता वाचले की निकष कोणत्या दगडाचा होता आणि तो कोणी आणला होता, हे विचारावेसे वाटते.