नगरचे इंजिन

किला गेटमधून गडाकडे पाहताना आम्हा ग्वाल्हेरकर मराठी मंडळींना आणखी एक किल्ला आठवावा : १२ ऑगस्ट १८०३ रोजी दौलतराव शिंद्यांच्या हातून इंग्रजांनी घेतलेला अहमदनगरचा भुईकोट. त्याच नगरात, आजच्या अहिल्यानगरात, संरक्षण खात्याच्या वाहन-संशोधन संस्थेने बंगळूरच्या शास्त्रज्ञांसह ५५ अश्वशक्तीचे, सुमारे ३० किलोंचे वान्केल इंजिन घडविले.

यात दट्ट्या वर-खाली होत नाही. त्रिकोणी चक्र फिरते. घडण सुटसुटीत, पण ज्वलन मोठे हट्टी! पोकळी लांबट, उथळ आणि सतत सरकणारी. ज्योत मागच्या टोकाला पोचण्याआधीच कडेचे मिश्रण थंडावते आणि काही इंधन न जळताच बाहेर पडते. आत डोकावणे दुरापास्त. म्हणून अशा इंजिनांचे अभ्यासक संगणकावर त्या पोकळीचे असंख्य सूक्ष्म कप्पे पाडतात आणि चक्र अंशाअंशाने फिरवीत प्रत्येक कप्प्यातील हवेचा वेग, दाब व तापमान मांडतात. ठिणगीची जागा किंचित सरकवून पाहायची, तर धातू कापावा लागत नाही.

५ एप्रिल २००९ रोजी कोलारला ‘निशांत’ हे वैमानिकरहित विमान या इंजिनावर सुमारे चाळीस मिनिटे उडाले. आयात इंजिनाची जागा ते घेणार होते. पण सैन्याची चारही ‘निशांत’ विमाने कोसळली आणि २०१५ मध्ये ती योजनाच गुंडाळली गेली. विमानाबरोबर इंजिनाचेही नाव मागे पडले, हे मला अन्यायाचे वाटते.