चेहऱ्यावरचे टाके : पुण्यापासून पॅरिसपर्यंत

सिनेमातली अमुक नटी साठीला आली तरी गालावर सुरकुती नाही, हे कसं, असा प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. कुणी म्हणतं क्रीम असेल, कुणी म्हणतं मेकअप. पुष्कळदा तेही असतं. पण काही वेळा त्यामागे शस्त्रक्रिया असते आणि तिला फेसलिफ्ट म्हणतात. सैल पडलेला चेहरा आणि मान वर ओढून घ्यायची, जास्तीची कातडी कापायची आणि कानाच्या कडेने टाके घालायचे. आज आम्ही तिचा इतिहास सांगणार आहोत. टाके घातल्यावर बाईला किती दिवस काय सोसावं लागतं, तेही सांगणार आहोत, कारण जाहिरातीत नेमकं तेवढंच गाळलेलं असतं.

सुरुवात आपल्या पुण्यापासून करू. फेसलिफ्टच्या फार आधीची ही गोष्ट आहे, पण चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास लिहिणारे जगभरचे लोक ती सांगतात. टिपू सुलतान आणि इंग्रज यांच्या लढाईत कावसजी नावाचा एक मराठी बैलगाडीवाला इंग्रज फौजेबरोबर होता. 1792 साली तो टिपूच्या हाती सापडला. त्याचं नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभर तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एका कारागिराने त्याला नवं नाक बसवून दिलं. हा कारागीर विटा भाजणाऱ्या जातीतला, म्हणजे कुंभार होता, अशी नोंद आहे.

हे काम दोन इंग्रज डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं. 1794 च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका मासिकात ते चित्रासकट छापून आलं. आधी मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचं. तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि कडेने रेघ ओढायची. तेवढी कातडी सोडवायची, मात्र दोन भुवयांच्या मध्ये एक पट्टी जोडलेलीच ठेवायची, म्हणजे रक्त येत राहतं. मग ती कातडी पिळून खाली वळवायची आणि नाकाच्या जागी बसवायची. वर काथ पाण्यात कालवून, तो लावलेल्या कापडाच्या चिंध्या ठेवायच्या. होय, आपण पानात खातो तोच काथ. चार दिवस हात लावायचा नाही. नंतर तुपात भिजवलेल्या चिंध्या. पहिले पाच-सहा दिवस माणसाने उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाच्या वाती, म्हणजे भोकं बुजत नाहीत. आणि ती जोडलेली पट्टी कापायची साधारण पंचविसाव्या दिवशी.

बघा, कापायचं काम थोड्या वेळाचं आणि सांभाळायचं काम महिन्याभराचं. त्या कारागिराला हे ठाऊक होतं. लंडनचे डॉक्टर जोसेफ कार्प्यू यांनी 1814 साली याच रीतीने नाक बसवलं आणि तिथून ही विद्या युरोपभर गेली. प्लास्टिक सर्जरी या नावात आपल्या बादलीचं प्लास्टिक नाही. मातीला आकार देणं अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते आलंय. म्हणजे कुंभाराचंच काम म्हणा ना.

तोवर ही शस्त्रक्रिया गेलेलं परत आणण्यासाठी होती. सुरकुत्यांसाठी कुणी टाके घालून घेईल असं कुणाला वाटलं नसेल. ते घडलं 1901 च्या सुमाराला, जर्मनीत बर्लिनमध्ये. पोलंडच्या एका खानदानी बाईंनी डॉक्टर ऑयगेन होलेंडर यांच्यामागे लकडा लावला की माझे गाल वर ओढून द्या. त्यांनी कानापुढची थोडी कातडी कापून टाके घातले. पुढची काही वर्षं ज्या डॉक्टरांनी असं काम केलं, ते त्याबद्दल फारसं बोलत नसत. लाज वाटायची.

लाज न बाळगता हे काम केलं एका बाईने. सुझान नोएल हे त्यांचं नाव. 1878 साली फ्रान्समध्ये जन्मलेल्या. लग्न होऊन मग डॉक्टरी शिकल्या. 1912 मध्ये सारा बर्नहार्ट ही त्या काळची गाजलेली नटी अमेरिकेतून चेहरा ओढून घेऊन आली, तेव्हापासून नोएलबाईंना या कामात गोडी लागली. मग पहिलं महायुद्ध आलं. तोफगोळ्यांनी जबडे आणि गाल उडालेले सैनिक पॅरिसच्या इस्पितळात येत होते. तिथे मोरेस्टँ नावाच्या निष्णात सर्जनच्या हाताखाली बाई शिकल्या.

युद्धानंतर त्यांच्याकडे बायका येऊ लागल्या. नवरे आणि मुलगे युद्धात गेलेले, पोटासाठी नोकरी करायची, आणि मालक म्हणणार, तुझं वय झालं. चेहरा थकलेला दिसला की दुकानात उभं करत नसत. नोएलबाई अशांचं काम गरज पाहून कमी पैशांत, कधी फुकटही करत. 1926 मध्ये त्यांनी या शस्त्रक्रियेवर पुस्तक लिहिलं आणि तिचं समाजातलं काम काय, हे शब्द पुस्तकाच्या नावातच घातले. आम्हाला त्यांचं हे पटतं आणि थोडं खटकतंही. वय दिसतं म्हणून कामावरून काढणारा मालक तसाच राहिला आणि सुरी फिरली ती बाईच्या गालावर. पण ज्या बाईला पुढच्या आठवड्याचं भाडं भरायचं आहे, तिला मालक सुधारेपर्यंत थांब असं कोण सांगणार?

नोएलबाईंना ही दुसरी बाजू कळत नव्हती असं नाही. त्या टोपीला फीत लावून फिरत, तिच्यावर लिहिलेलं असे, मला मत द्यायचं आहे. फ्रान्सच्या बायकांना मताचा हक्क 1944 साली मिळाला. आणि आपल्या बचत गटांसाठी एक गंमत सांगतो. तिथल्या लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय बँकेत खातं उघडायचा हक्क मिळाला 1965 साली. एवढा पुढारलेला देश म्हणतात तो!

नोएलबाईंची रीत साधी होती. केसांच्या कडेला आणि कानापुढे कातडीचे छोटे तुकडे कापायचे, जागा बधिर करायची, पण बाईला झोपवायचं नाही. काम झालं की केस वरून घेऊन बाई त्याच दिवशी घरी. त्या काळी पेनिसिलिन नव्हतं. मोठी जखम केली आणि ती चिघळली तर जिवावर बेतायचं, म्हणून थोडं थोडं कापणंच शहाणपणाचं. उणीव एवढीच की नुसती कातडी ओढली तर ती पुन्हा सैल होते. फार ताणली तर टाक्यांचा वण रुंद होतो आणि चेहरा वाऱ्यात उभं राहिल्यासारखा ताठ दिसतो.

यावर उपाय सापडायला आणखी पन्नासेक वर्षं गेली. गोधडी आठवा. आतले थर घसरले असतील तर वरचं लुगडं कितीही ओढा, गोधडी सरळ होत नाही. चेहऱ्याचंही तसंच. कातडीखाली चरबी, आणि तिच्याखाली स्नायूंना धरून असलेला एक चिवट पडदा. स्वीडनचे सर्जन टोर्ड स्कूग यांनी 1974 मध्ये हा थर कातडीसकट उचलायची रीत मांडली. 1976 मध्ये मिट्झ आणि पेरोनी या फ्रेंच डॉक्टरांनी त्या पडद्याची नीट ओळख करून दिली. 1990 मध्ये अमेरिकेतल्या हाम्रा यांनी त्याहून खोलवरची रीत सांगितली. आता ताण त्या पडद्यावर घेतात आणि कातडी वर नुसती अलगद बसवतात. त्यामुळे परिणाम साधारण दहा वर्षं टिकतो. पण त्या पडद्याखालूनच चेहरा हलवणाऱ्या नसेच्या फांद्या जातात. तिथे धक्का लागला तर भुवई किंवा ओठ एका बाजूने हलत नाही. बहुतेक वेळा काही महिन्यांत ते सुधारतं, क्वचित कायमचं राहतं. म्हणून हे काम शिकलेल्या प्लास्टिक सर्जनचंच आहे, पार्लरचं नाही.

आता बरं होण्याचे दिवस. शस्त्रक्रिया काही तासांची असते. पहिल्या रात्री डोक्याभोवती पट्टी, उशाला दोन उशा, आणि कधी कानामागे बारीक नळी, आत साठणारं रक्त बाहेर यावं म्हणून. ती एक-दोन दिवसांत काढतात. सगळ्यात जपायचं ते पहिल्या दिवसाला. एकाच बाजूला अचानक टणक सूज आली आणि दुखणं वाढलं तर आत रक्त साठलंय असं समजायचं आणि लगेच, रात्र असली तरी, डॉक्टरांकडे जायचं. रक्तदाब वाढलेला असेल तर हा धोका जास्त. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वात जास्त असते. डोळ्यांखाली, मानेवर काळंनिळं होतं. आरशात बघून पुष्कळजणी रडतात की हे काय करून घेतलं. टाके पाचव्या ते दहाव्या दिवसापर्यंत टप्प्याटप्प्याने निघतात. लोकांत जाण्यासारखा चेहरा व्हायला दोन आठवडे तरी लागतात, कुणाला तीन. तोवर वाकून झाडणं, हंडा उचलणं, चुलीपुढे बसणं बंद. गाल आणि कान कित्येक आठवडे, कधी महिने बधिर राहतात, म्हणून गरम शेक घ्यायचा नाही, भाजलेलं कळत नाही. वण फिकट व्हायला वर्ष लागतं. आपल्या सावळ्या कातडीवर तो कधी काळपट होतो, कधी जाड गाठीसारखा वाढतो. उन्हाने रापलेली कातडी आणि ओठांभोवतीच्या बारीक रेषा तर या शस्त्रक्रियेने जातच नाहीत.

आणि मिश्री. मिश्रीत तंबाखू, तंबाखूत निकोटिन, आणि निकोटिनने रक्ताच्या बारीक नळ्या आवळतात. उचललेल्या कातडीला रक्त पोचलं नाही तर ती काळी पडून मरते. म्हणून सर्जन चार आठवडे आधीपासून तंबाखू बंद करायला सांगतात. डॉक्टरांनी विचारलं तर विडी ओढत नाही एवढंच सांगू नका, मिश्री लावत असाल तर तेही सांगा. हे कुठल्याही मोठ्या शस्त्रक्रियेला लागू आहे, सिझेरियनलाही.

आपल्या महाराष्ट्रात ही विद्या एका वेगळ्याच कामी आली. कुष्ठरोगात कातडीचा ताण जातो, तरुण माणसाचा चेहरा म्हाताऱ्यासारखा लोंबतो, भुवया झडतात, नाक बसतं. रोग बरा झाला तरी चेहरा बघून गावात कुणी काम देत नाही. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातले प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया इंग्लंडमध्ये सर हॅरॉल्ड गिलिज यांच्याकडे शिकून आलेले. त्यांनी कुष्ठरोग्यांची नाकं आणि चेहरे दुरुस्त करण्याला आयुष्याची कितीतरी वर्षं दिली. अशा चेहऱ्यांसाठी फेसलिफ्टही वापरली गेली. पुढे याच डॉक्टरांनी अलिबागकडच्या मांडवा भागात गावातल्याच बायांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यातल्या बऱ्याचजणींनी शाळा फारशी पाहिलेली नव्हती, पण अंगावरचा बधिर चट्टा ओळखायला त्या शिकल्या. तसा चट्टा, जिथे टोचलेलं कळत नाही, तुमच्या किंवा घरच्या कुणाच्या अंगावर दिसला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. औषध फुकट मिळतं, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं, आणि वेळेवर घेतलं तर चेहऱ्याला टाके घालायची पाळी येत नाही.