माळ्यावरचा व्हॉल्व्ह रेडिओ थेट प्लगला लावू नका; आधी कंडेन्सर बदला

मर्फी, फिलिप्स, बुश अशा कंपन्यांचा आजोबांच्या काळातला लाकडी पेटीचा रेडिओ अजूनही काही घरांत माळ्यावर जपून ठेवलेला असतो. साफसफाईत तो खाली निघतो आणि ‘चालतो का बघू’ म्हणत कुणीतरी थेट प्लगला लावतं. इथंच घात होतो. आतले व्हॉल्व्ह बऱ्याचदा शाबूत असतात, पण कपॅसिटर, म्हणजे जुन्या मेकॅनिकच्या भाषेत कंडेन्सर, निकामी झालेले असतात. या स्वस्त भागापायी ट्रान्सफॉर्मर जळतो आणि तसाच दुसरा मिळणं आज अवघड आहे.

कंडेन्सर खराब का होतात?

जुन्या कंडेन्सरमध्ये धातूच्या दोन पट्ट्यांमध्ये मेण किंवा तेल लावलेला कागद असतो. वर्षानुवर्षं तो ओल धरतो आणि जो डीसी करंट अडवायचा तोच झिरपू लागतो. यालाच लीक होणं म्हणतात.

डब्यासारख्या मोठ्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधलं रसायन सुकतं. मग स्पीकरमधून सतत घुंऽऽ आवाज येतो. तो शॉर्ट झाला तर रेक्टिफायर व्हॉल्व्ह आणि मेन ट्रान्सफॉर्मर दोन्ही जाऊ शकतात.

सर्वात घातक ठरतो आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला छोटा कंडेन्सर. तो लीक असेल तर व्हॉल्व्ह जादा करंट ओढतो, लालबुंद होतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. त्यामुळे हा कंडेन्सर न तपासताच बदलावा.

जीवाचा धोका कुठे?

- आत २०० ते ३०० व्होल्ट डीसी असतो. प्लग काढल्यावरही तो कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड चिमट्याने त्याच्या प्लस-मायनस टोकांना दहा-पंधरा सेकंद लावावा. मग मीटरवर शून्य दिसल्याची खात्री करावी.
- व्हॉल्व्हचे नंबर यूसीएच, यूबीएफ, यूसीएल असे ‘यू’ने सुरू होत असतील तर त्या सेटमध्ये सहसा मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. अशा सेटचा लोखंडी सांगाडा, म्हणजे चेसिस, थेट लाईनला जोडलेला असू शकतो. चालू असताना त्याला हात लावणं म्हणजे उघड्या वायरला हात लावणं. असा सेट जाणकार मेकॅनिककडेच द्यावा.

कोणत्या जागी काय बसवावं?

- कागदी कंडेन्सरच्या जागी ६३० व्होल्टचा पॉलिस्टर फिल्म कंडेन्सर. ०.०२ मायक्रोफॅरॅडऐवजी ०.०२२ आणि ०.०५ऐवजी ०.०४७ चालतो.
- इलेक्ट्रोलिटिक ४५० व्होल्टचा. ३२ मायक्रोफॅरॅडच्या जागी ३३ ठीक. ‘मोठा म्हणजे चांगला’ समजून १०० बसवू नये, रेक्टिफायर व्हॉल्व्हवर ताण येतो. ईझेड ८० या व्हॉल्व्हला जास्तीत जास्त ५० चालतो. प्लस-मायनस उलटं झालं तर कंडेन्सर फुटतो.
- लाईन आणि न्यूट्रलमध्ये एक्स-२ आणि लाईन व चेसिसमध्ये वाय-२ प्रकारचाच सेफ्टी कंडेन्सर लावावा. इथे साधा चालत नाही.
- मायका आणि सिरॅमिक कंडेन्सर सहसा टिकतात. कारण नसताना ते काढू नयेत.

काम कसं करावं?

आधी मोबाईलवर आतल्या जोडणीचे सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत. एक कंडेन्सर काढला की त्याच जागी नवा सोल्डर करावा, मगच पुढचा. सगळे एकदम काढले तर कोणती वायर कुठली हे समजत नाही. जुना डबा शोभेसाठी ठेवायचा असेल तर त्याच्या वायरी मात्र तोडाव्यात.

पहिल्यांदा सुरू करताना सिरीज बोर्डवर ६० वॅटचा तारेचा बल्ब लावावा. एलईडी चालत नाही. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पूर्ण प्रकाशाने पेटत राहिला तर आत शॉर्ट आहे, लगेच बंद करावं. मात्र सिरीज बल्बमुळे शॉकपासून बचाव होत नाही.

व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो, त्यामुळे आवाज लगेच येत नाही. अशा बहुतेक सेटवर एफएम नसतं. मीडियम वेव्हची दूरची स्टेशनं रात्री चांगली पकडतात, म्हणून तपासणी अंधार पडल्यावर करावी.