बारा जणांची सोय

संगणकाचा मोठा प्रोग्रॅम अनेक फायलींचा बनलेला असतो. एखादी फाईल बदलली की कोणते भाग पुन्हा तयार करायचे, हे ठरवणारे ‘मेक’ हे साधन स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिहिले. मेकला द्यायच्या सूचनांमध्ये आज्ञेची प्रत्येक ओळ ‘टॅब’ या कळीने सुरू करावी लागे. पडद्यावर टॅब आणि आठ मोकळ्या जागा सारख्याच दिसतात. मेकला मात्र मोकळ्या जागा चालत नाहीत.

हा नियम गैरसोयीचा आहे, हे फेल्डमन यांना कळले होते. पण काही आठवड्यांतच डझनभर मित्र मेक वापरू लागले होते. नियम बदलला तर त्यांच्या फायली बंद पडणार, म्हणून तो तसाच राहिला. पुढे मेक जगभर पसरले आणि बदल आणखी अवघड झाला.

२०१० साली ‘ग्नू मेक’ने टॅबऐवजी दुसरे चिन्ह निवडण्याची मुभा दिली. मात्र तसे न सांगितल्यास टॅबच धरला जातो. त्यामुळे जुन्या फायली चालतात. संगणकावर आकडेमोड करणारे आम्ही आजही तो टॅब दाबतो. मग तेव्हा त्या बारा जणांना थोडा त्रास देणे योग्य ठरले असते का? वर्गात जरूर चर्चा करा.