मराठी पाठ्यपुस्तकांची निवड: सोसायटी ते बालभारती

पंतोजींच्या शाळेत छापील पुस्तक नव्हते. धुळपाटीवर अक्षरे गिरवायची, पाढे आणि पावकी-निमकी तोंडपाठ करायची, मोडी वाचायला शिकायचे, एवढ्यावर हिशेब आणि पत्रव्यवहार निभावत असे. भूगोल, कायदा, राज्यकारभार हे शाळेचे विषयच नव्हते. म्हणून मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे, हा प्रश्न छपाई आणि सरकारी शाळा यांच्याबरोबर आला.

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, 1822 मध्ये, देशी भाषांतील शाळा आणि शालेय पुस्तके यांसाठी तिथे एक सोसायटी स्थापन झाली. 1827 मध्ये तिचे नाव बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी झाले. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली गणित-भूमितीची पुस्तके मराठीत आली; सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ 1828 मध्ये निघाले. निवड सोसायटीची आणि मूळ पुस्तक बहुधा इंग्रजी, असाच तेव्हाचा शिरस्ता होता. दादोबा पांडुरंगांचे व्याकरण (1836) मात्र मराठीचे नियम मांडण्यासाठीच लिहिलेले होते.

1840 मध्ये शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे आणि 1855 मध्ये सरकारी शिक्षणखात्याकडे गेला. खात्याच्या मराठी पुस्तकांवर मेजर थॉमस कँडी यांचा हात फिरत असे. मराठीत विरामचिन्हे रुळवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. परशुराम बल्लाळ गोडबोले यांच्या ‘नवनीत’ (1854) या काव्यसंग्रहाने जुन्या मराठी कवितेतली कोणती मुलांपर्यंत पोहोचावी, हे बऱ्याच अंशी ठरवले.

पुण्यात निवडीचे दुसरे दार दक्षिणा फंडामुळे उघडले. पेशव्यांच्या काळापासून विद्वान ब्राह्मणांना मिळणाऱ्या दक्षिणेतला काही पैसा मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवावा, अशी मागणी लोकहितवादींसारख्या सुधारकांनी 1849 मध्ये केली. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी बक्षिसे देऊ लागली. पण निवड करणाऱ्यांचे पूर्वग्रह इथेही होते: जोतीराव फुले यांचे 1855 मधील ‘तृतीय रत्न’ हे नाटक कमिटीने स्वीकारले नाही. 1882 मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगापुढील निवेदनात फुल्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी-बाळबोध वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीची तोंडओळख, नीती आणि आरोग्य एवढे विषय मागितले. चालू पुस्तकांची फेररचना व्हावी, असेही सुचवले. शेतकऱ्याच्या मुलाला काय उपयोगी पडेल, ही त्यांची कसोटी होती.

पुढे खाजगी लेखक-प्रकाशकांच्या वाचनमालांना वाव मिळाला. आचार्य अत्रे यांची ‘नवयुग वाचनमाला’ त्यांपैकी प्रसिद्ध. 27 जानेवारी 1967 रोजी पुण्यात पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे ‘बालभारती’, स्थापन झाले आणि राज्यासाठी पुस्तके तयार करण्याचे काम एका संस्थेकडे एकवटले. तिथे विषयवार समित्या मजकूर ठरवतात. धडा तज्ज्ञांनी निवडला तरी तो राज्याने मान्य केलेल्या अभ्यासक्रमात बसावा लागतो, आणि एकच पुस्तक असल्यामुळे एखाद्या धड्यावरचा वाद साऱ्या राज्याचा होतो.

विषयांची मांडणीही पालटली. ‘परिसर अभ्यास’मध्ये भूगोलाची सुरुवात मुलाच्या भोवतालापासून होते; तिसरीसाठी जिल्हावार पुस्तके निघाली. वरच्या इयत्तांत नागरिकशास्त्राचे राज्यशास्त्र होते आणि त्यातून संविधान, निवडणुका व कायदे यांची ओळख होते. आत्मचरित्रांतील उतारे भाषेच्या पुस्तकात येतात, त्यामुळे व्यक्तीचा स्वानुभव इतिहासाऐवजी साहित्य म्हणून वाचला जातो.