पर्सिस्टंट एट्रियल फिब्रिलेशनमधील कॅथेटर ॲब्लेशन

पर्सिस्टंट एट्रियल फिब्रिलेशनमधील कॅथेटर ॲब्लेशन ही हृदयाची बिघडलेली लय पूर्ववत करण्यासाठी रक्तवाहिनीतून केली जाणारी वैद्यकीय प्रक्रिया आहे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद म्हणतात. अलिंदांमध्ये अतिजलद व विस्कळीत विद्युत लहरी सात दिवसांहून अधिक काळ सुरू राहिल्या, तर त्या अवस्थेला पर्सिस्टंट, म्हणजे सतत टिकून राहिलेले, एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. अशा अनेक रुग्णांचे अलिंद प्रक्रियेच्या टेबलावरही थरथरत असतात. त्यामुळे प्रक्रियेची पूर्वतयारी, ती करण्याची रीत आणि तिच्या यशाचे निकष अधूनमधून येणाऱ्या फिब्रिलेशनपेक्षा काहीसे वेगळे ठरतात. प्रक्रिया सुरू असताना फिब्रिलेशन थांबले की नाही, यावरून तिचे यश निश्चित होत नाही. पुढील महिन्यांत व वर्षांत लय किती टिकते आणि रुग्णाची लक्षणे किती कमी होतात, यांवरून ते मोजले जाते.

आजाराचे प्रकार

निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील साइनस गाठ प्रत्येक ठोक्याचा आरंभ करते. या नियमित लयीला साइनस लय म्हणतात. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंदांत मिनिटाला सुमारे ३५० ते ६०० विद्युत लहरी उठतात. त्यामुळे अलिंद आकुंचन पावण्याऐवजी केवळ थरथरतात, आणि नाडी जलद व अनियमित होते. धडधड, दम लागणे, थकवा आणि चक्कर ही सामान्य लक्षणे होत. काही रुग्णांना मात्र कोणतेही लक्षण जाणवत नाही.

कालावधीनुसार या आजाराचे प्रकार केले जातात. सात दिवसांच्या आत थांबणाऱ्या प्रकाराला पॅरॉक्सिस्मल म्हणतात आणि सात दिवसांहून अधिक टिकणाऱ्याला पर्सिस्टंट. बारा महिन्यांहून अधिक काळ अखंड सुरू असलेले फिब्रिलेशन दीर्घकाळ टिकलेले पर्सिस्टंट समजले जाते. नैसर्गिक लय परत आणण्याचा प्रयत्न न करण्याचे रुग्ण व डॉक्टर यांनी मिळून ठरवले असेल, तर त्या अवस्थेला कायमस्वरूपी फिब्रिलेशन म्हणतात. या अवस्थेत ॲब्लेशनचा विचार केला जात नाही.

हे प्रकार केवळ दिवसांच्या मोजणीवर आधारलेले नाहीत. नेदरलँड्समधील मॉरिट्स ॲलेसी आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये शेळ्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की कृत्रिमरीत्या निर्माण केलेले फिब्रिलेशन जितका अधिक काळ चालू ठेवावे तितके ते स्वतःहून थांबणे अवघड होते. फिब्रिलेशनमुळे अलिंदाच्या पेशींचे विद्युत गुणधर्म बदलतात. दीर्घकाळात अलिंद ताणून मोठे होते आणि त्याच्या भिंतीत तंतुमय ऊतक वाढते. उपचारास होणारा उशीर महाग पडण्याचे हे प्रमुख कारण आहे.

इतिहास

अमेरिकेतील शल्यचिकित्सक जेम्स कॉक्स यांनी १९८७ मध्ये या आजारासाठी मेझ नावाची शस्त्रक्रिया सुरू केली. तीत अलिंदाच्या भिंतीवर ठरावीक छेद घेतले जात. त्यांच्या व्रणांतून विद्युत लहर पार होऊ शकत नसल्याने भरकटलेल्या लहरींचे मार्ग बंद होत. मात्र त्यासाठी छाती उघडावी लागे.

फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हैसागेर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत फिब्रिलेशनला चालना देणारी ६९ केंद्रे आढळली आणि त्यांपैकी ९४ टक्के फुप्फुस शिरांमध्ये होती. फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात शुद्ध रक्त आणणाऱ्या या शिरांचा अलिंदाशी असलेला विद्युत संबंध तोडणे हा पुढे कॅथेटर ॲब्लेशनचा पाया ठरला.

पूर्वतयारी

थरथरणाऱ्या अलिंदात रक्त साचून राहते आणि गुठळी होऊ शकते. विशेषतः डाव्या अलिंदाच्या कानासारख्या पिशवीत हा धोका अधिक असतो. ही गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. म्हणून प्रक्रियेपूर्वी साधारणपणे किमान तीन आठवडे रक्त पातळ करणारी औषधे नियमित दिली जातात. बहुतेक केंद्रांत प्रक्रियेच्या वेळीही ती खंडित केली जात नाहीत. अन्ननलिकेतून केलेल्या इकोकार्डिओग्राफीने किंवा अन्य प्रतिमातंत्राने अलिंदात गुठळी नसल्याची खात्री केली जाते. गुठळी आढळल्यास प्रक्रिया पुढे ढकलली जाते.

काही केंद्रे ॲब्लेशनच्या काही आठवडे आधी विद्युत झटका देऊन लय परत आणतात. या उपचाराला कार्डिओव्हर्जन म्हणतात. त्यातून दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे अलिंद अजून साइनस लय धरू शकते का. दुसरी म्हणजे ती लय असताना रुग्णाला खरोखर बरे वाटते का. साइनस लयीतही थकवा तसाच राहिला, तर त्या थकव्याचे कारण अन्यत्र असण्याची शक्यता वाढते.

प्रक्रियेचे स्वरूप

प्रक्रिया गुंगी किंवा संपूर्ण भूल देऊन केली जाते. जांघेतील शिरेतून कॅथेटर नावाच्या बारीक नळ्या उजव्या अलिंदापर्यंत नेल्या जातात आणि दोन अलिंदांमधील पडद्याला छिद्र करून डाव्या अलिंदात पोहोचवल्या जातात. या काळात रक्त गोठू नये म्हणून हेपारिन दिले जाते.

फुप्फुस शिरांच्या मुखाभोवतालचे ऊतक तीन मुख्य पद्धतींनी निष्क्रिय केले जाते. रेडिओफ्रिक्वेन्सी पद्धतीत उष्णतेचा वापर होतो, तर क्रायोबलून पद्धतीत तीव्र थंडीचा. पल्स्ड फील्ड या नव्या पद्धतीत अत्यल्प काळाच्या उच्च दाबाच्या विद्युत स्पंदांनी पेशींच्या आवरणाला छिद्रे पाडली जातात. हृदयस्नायूंच्या पेशी या स्पंदांना अधिक संवेदनशील असल्याने अन्ननलिका व मज्जातंतूंना इजा होण्याचा धोका कमी राहतो.

फिब्रिलेशन चालू असतानाही शिरांचे विलगीकरण करता येते. अलिंदातील लहरी शिरेत शिरेनाशा झाल्या, की शिरेतील कॅथेटरवरील नोंद शांत होते किंवा शिरेत स्वतःची वेगळी, संथ हालचाल दिसते. बाहेर अलिंद थरथरत असताना आतील शिरा शांत झालेली पडद्यावर स्पष्ट दिसते. मात्र शिरेतून अलिंदाकडे जाणारा मार्ग बंद झाला आहे का, किंवा भिंतीवर आखलेली रेषा अखंड आहे का, हे नियमित लयीतच नीट तपासता येते. अलिंदातील व्रणयुक्त भाग शोधण्यासाठी विद्युतदाबाचा नकाशा काढला जातो. फिब्रिलेशनमध्ये हा दाब साइनस लयीपेक्षा कमी भरतो, त्यामुळे दोन्ही अवस्थांतील नकाशे एकाच मापाने वाचता येत नाहीत.

लय परत येण्याचा अर्थ

ॲब्लेशन सुरू असताना कधी फिब्रिलेशन आपोआप थांबते, तर कधी त्याचे रूपांतर अधिक संघटित अशा अलिंदीय जलद लयीत होते. पर्सिस्टंट प्रकारात अनेकदा असे काहीच घडत नाही आणि शेवटी विद्युत झटका देऊन साइनस लय आणली जाते. त्यामुळे प्रक्रिया फसली, असा समज रुग्णांमध्ये आढळतो. तो योग्य नाही.

एके काळी फिब्रिलेशन टेबलावरच थांबवणे हे उद्दिष्ट मानले जाई. बोर्दो येथील गटाने २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ६० रुग्णांच्या अभ्यासात टप्प्याटप्प्याने विस्तृत ॲब्लेशन करून ८७ टक्के रुग्णांमध्ये फिब्रिलेशन थांबवण्यात आले होते. पुढील मोठ्या अभ्यासांतून मात्र प्रक्रियेदरम्यान फिब्रिलेशन थांबणे आणि दीर्घकाळ लय टिकणे यांचा भरवशाचा संबंध दिसला नाही. स्टार एएफ २ चाचणीच्या उपविश्लेषणात प्रक्रियेपूर्वी किंवा तिच्या आरंभी साइनस लयीत असलेल्या रुग्णांचे परिणाम अधिक चांगले आढळले. यामागे झटक्याचा परिणाम आहे की या रुग्णांचे अलिंद मुळात कमी बिघडलेले होते, हे केवळ अशा निरीक्षणावरून वेगळे करता येत नाही.

फुप्फुस शिरांपलीकडील ॲब्लेशन

पर्सिस्टंट प्रकारात अलिंदाची भिंतही बदललेली असल्याने केवळ शिरांचे विलगीकरण पुरणार नाही, असा तर्क दीर्घकाळ केला जात होता. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टार एएफ २ चाचणीत ५८९ रुग्णांवर त्याची पडताळणी झाली. अठरा महिन्यांनंतर फिब्रिलेशन न परतलेल्या रुग्णांचे प्रमाण केवळ विलगीकरण केलेल्या गटात ५९ टक्के, गुंतागुंतीच्या विद्युत संकेतांच्या जागीही ॲब्लेशन केलेल्या गटात ४९ टक्के आणि अतिरिक्त रेषा आखलेल्या गटात ४६ टक्के होते. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय नव्हता. तरीही अधिक ऊतक निष्क्रिय केल्याने अधिक लाभ होतो, या गृहीतकाला त्यातून आधार मिळाला नाही.

२०२३ मधील कॅपला चाचणीत डाव्या अलिंदाची मागील भिंत विलग केल्यानेही अतिरिक्त लाभ दिसला नाही. २०२० मधील व्हीनस चाचणीत मार्शल शिरेत अल्कोहोल सोडण्याच्या उपायाने मात्र यशाचे प्रमाण ३८ टक्क्यांवरून सुमारे ४९ टक्क्यांवर गेले. पहिल्या प्रक्रियेत शिरांचे पक्के विलगीकरण करणे आणि पुढील उपाय निवडक रुग्णांसाठी राखून ठेवणे, हा आज सर्वमान्य आधार आहे.

परिणाम व नंतरचा काळ

प्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन ते तीन महिन्यांत ऊतकाला सूज असते आणि व्रण भरत असतात. या काळात फिब्रिलेशन पुन्हा दिसले तरी ते लगेच अपयश मानले जात नाही. गरजेनुसार औषधे किंवा पुन्हा झटका दिला जातो. विलग केलेल्या शिरांचा संबंध काही रुग्णांत पुन्हा जुळतो, त्यामुळे दुसरी प्रक्रिया करावी लागू शकते.

यशाचे प्रमाण पॅरॉक्सिस्मल प्रकारापेक्षा कमी असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पल्स्ड एएफ अभ्यासात एका वर्षानंतर ते पॅरॉक्सिस्मल गटात सुमारे ६६ टक्के, तर पर्सिस्टंट गटात सुमारे ५५ टक्के होते. हृदयाची पंपक्षमता घटलेल्या रुग्णांवरील कॅसल एएफ चाचणीत (२०१८) मृत्यू किंवा हृदय निकामी होण्याचा त्रास वाढल्याने रुग्णालयात दाखल होण्याचे एकत्रित प्रमाण ॲब्लेशन गटात २८.५ टक्के आणि औषध गटात ४४.६ टक्के होते. या चाचणीतील बहुसंख्य रुग्ण पर्सिस्टंट प्रकारचे होते.

लय परतल्यावरही अलिंदाचे यांत्रिक आकुंचन पूर्ववत होण्यास काही आठवडे लागू शकतात. म्हणून प्रक्रियेनंतर किमान दोन ते तीन महिने रक्त पातळ करणारी औषधे सर्वांनाच दिली जातात. त्यानंतर ती चालू ठेवावीत का, हे वय, उच्च रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात इत्यादींवरून काढलेल्या जोखमीनुसार ठरवले जाते. नाडी नियमित झाली म्हणून रुग्णाने स्वतःहून औषध बंद करणे धोकादायक ठरू शकते.

वजन घटवणे, रक्तदाबावर नियंत्रण, झोपेतील श्वासरोधावर उपचार आणि मद्यपान टाळणे हे उपचाराचेच भाग समजले जातात. ऑस्ट्रेलियात नियमित मद्यपान करणाऱ्या १४० रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२०) फिब्रिलेशन परतण्याचे प्रमाण मद्य सोडणाऱ्या गटात ५३ टक्के, तर दुसऱ्या गटात ७३ टक्के होते.

धोके

जांघेत रक्तस्राव होणे ही सर्वाधिक आढळणारी गुंतागुंत आहे. हृदयाभोवती रक्त साचणे, पक्षाघात, श्वासपटलाच्या मज्जातंतूला इजा आणि फुप्फुस शिरा अरुंद होणे हे तुलनेने दुर्मीळ पण गंभीर धोके आहेत. डावे अलिंद व अन्ननलिका यांच्यामध्ये छिद्र पडणे ही अत्यंत दुर्मीळ, परंतु प्राणघातक ठरू शकणारी गुंतागुंत होय. ती प्रामुख्याने उष्णतेच्या पद्धतीत आढळते आणि बहुधा प्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी प्रकट होते. त्या काळात ताप, गिळताना वेदना, छातीत दुखणे किंवा पक्षाघातासारखी लक्षणे दिसल्यास तातडीने छातीचे सीटी स्कॅन करावे लागते. एंडोस्कोपीत आत भरली जाणारी हवा हृदयात व तेथून मेंदूत जाऊ शकते, म्हणून या शंकेच्या वेळी ती टाळली जाते.

भारतातील संदर्भ

भारतात संधिवाताच्या तापामुळे झालेला झडपांचा आजार हे एट्रियल फिब्रिलेशनचे अजूनही महत्त्वाचे कारण आहे. द्विदल झडप लक्षणीय अरुंद असलेल्या रुग्णांना ॲब्लेशनच्या बहुतेक मोठ्या चाचण्यांतून वगळले गेले होते. त्यामुळे वर दिलेली यशाची प्रमाणे त्यांना थेट लागू करता येत नाहीत. अशा रुग्णांत प्रथम झडपेच्या उपचाराचा विचार होतो. २०२२ मधील इन्व्हिक्टस चाचणीत संधिवातजन्य आजार व फिब्रिलेशन असलेल्या रुग्णांमध्ये वॉरफरिनच्या वर्गातील औषधे रिव्हारोक्साबॅनपेक्षा सरस ठरली. म्हणून या गटात रक्तचाचणीने आयएनआर तपासत ही जुनी औषधे घेणे आजही महत्त्वाचे मानले जाते.

हेही पहा

हृदय
एट्रियल फिब्रिलेशन
पक्षाघात
विद्युत हृदयालेख
संधिवाताचा ताप