दानाची वही : मागणारे आणि देणारे

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहावे, अशी संपादक मंडळाने आज्ञा केली. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि आयुष्यभर कापडाचा व्यापार केलेला माणूस. तेव्हा इतिहास पाहायचा तो हिशेबाच्या वहीतूनच, असे ठरविले. संपत्ती मिळविलेल्या माणसाने ती गरजूंसाठी मोकळी करावी म्हणून आपल्या भागात पूर्वी कोणी, कसे प्रयत्न केले, हा या लेखाचा विषय आहे.

शनिशिंगणापूर हे नेवासे तालुक्यातील गाव दारांविना घरांसाठी जगभर ओळखले जाते. चौकट असते, तिला कवाड नसते. सन 2011 मध्ये येथे युको बँकेची शाखा उघडली, तेव्हा कुलपाशिवायची बँक म्हणून वर्तमानपत्रांनी तिचे मोठे कौतुक केले. परंतु घराला कुलूप नसणे आणि मनाच्या तिजोरीला कुलूप नसणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दुसरे कुलूप उघडण्यासाठी प्रत्येक पिढीत कोणी ना कोणी किल्ली घेऊन दारोदार हिंडावे लागले आहे.

आमच्या वडिलांच्या काळच्या लाल कापडी बांधणीच्या वह्यांत ‘धर्मादा’ नावाचे एक स्वतंत्र खाते असे. गिऱ्हाईकाच्या बिलावर मालाच्या किमतीसोबत धर्मादा म्हणून अल्पशी रक्कम लावली जाई आणि ती त्या खात्यावर जमा होई. कापड, धान्य, गूळ, सोने-चांदी, जवळजवळ प्रत्येक पेठेत हा रिवाज होता. पांजरपोळ, धर्मशाळा, पाणपोई, गरीब विद्यार्थ्यांची पुस्तके असे खर्च त्यातून भागत. एकेकट्या व्यवहाराचा भार कोणाला जाणवत नसे, पण वर्षअखेरीस सबंध बाजाराची मिळून मोठी रक्कम उभी राही. कोणा एका शेठजींचे नाव त्यावर नसे, हे या पद्धतीचे मला सर्वांत आवडणारे अंग.

या रकमेचा मालक कोण, हा प्रश्न मात्र पुढे कायद्यापुढे आला. महाराष्ट्र (पूर्वीचा मुंबई) सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 यामध्ये धर्माद्यासाठी कलम 54 हे स्वतंत्र कलम आहे. रिवाजानुसार धर्मादा म्हणून घेतलेली रक्कम व्यापाऱ्याकडे विश्वस्त या नात्याने असते आणि तिचा हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयास द्यावा लागतो, असा त्याचा आशय आहे. सन 1979 मध्ये बिजली कॉटन मिल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही असा निर्वाळा दिला, की धर्मादा म्हणून वसूल केलेली रक्कम व्यापाऱ्याचे उत्पन्न नव्हे, कारण ती हाती पडते त्या क्षणापासूनच दानकार्याला बांधलेली असते. आयकराच्या या निकालात मला धर्मशास्त्रही दिसते. ती रक्कम आपली नव्हतीच, मग ती दिल्याचा अभिमान कसला? आपले श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत याहून वेगळे काय सांगते?

अलीकडे बिलावरचा धर्मादा बहुतेक ठिकाणी गेला. छापील दर, संगणकावरील बिल आणि करांच्या रकान्यांत त्याला जागा उरली नाही. त्याच्या जागी वैयक्तिक देणगी आली आणि देणगीसोबत संगमरवरी फलक आला. फलकाला माझा विरोध नाही. नाव पाहून दुसऱ्यालाही देण्याची बुद्धी होते. परंतु फलक लावण्याजोग्या कामालाच पैसा मिळतो, हे त्यातून झाले. इमारतीला दाते मिळतात. त्या इमारतीतील मुलांच्या रोजच्या भाजी-भाकरीला मिळविताना विश्वस्तांची दमछाक होते.

याच भाजी-भाकरीसाठी झोळी फिरविणाऱ्या एका महापुरुषाचे स्मरण येथे अगत्याचे आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे एका जैन शेतकरी कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना ते बोर्डिंग सोडावे लागले. ही गोष्ट आपल्या समाजाच्या स्मरणिकांतून सहसा वगळली जाते. ती वगळू नये, असे मला वाटते. ज्या मुलास आपण बाहेर काढले, त्यानेच पुढे सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविले.

पुढे किर्लोस्करांच्या नांगराचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. विक्रेत्याला लोकांच्या घराची आणि खिशाची जी जाण येते, ती त्यांना देणग्या मागताना उपयोगी पडली असावी, असा माझा व्यापारी तर्क आहे. सन 1919 मध्ये काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. सन 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. कोठीत धान्य नाही अशी वेळ आली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मुलांच्या जेवणासाठी मोडले. सन 1930 मध्ये त्या निवर्तल्या.

भाऊरावांची मागण्याची रीत बारकाईने पाहण्यासारखी आहे. श्रीमंताकडे त्यांनी जमीन, इमारत, रोख रक्कम मागितली, परंतु गरिबालाही दात्यांच्या यादीतून वगळले नाही. मुष्टिफंड म्हणून घरोघरच्या माउल्या दळणापूर्वी मूठभर धान्य बाजूला ठेवीत. ज्याच्या घरून मूठ आली, त्याला ती शाळा आपली वाटे. आणि ज्या मुलांसाठी मागितले, त्यांनाही ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाने श्रम करावयास लावले, त्यामुळे घेणारा ओशाळला नाही. सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजला आपले नाव द्यावे, या अटीवर एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली आणि भाऊरावांनी ती साफ नाकारली, अशी आठवण सांगितली जाते. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात मुंबई सरकारने संस्थेचे अनुदान थांबविले, तेव्हा संस्था लोकांच्या बळावर तगली. अनुदान पुन्हा सुरू व्हावे म्हणून गाडगे महाराजांनी शब्द खर्ची घातला. तेही असेच मागणारे. अंगावर चिंध्या आणि हाती गाडगे असलेल्या त्या पुरुषाने कीर्तनातून श्रीमंतांकडून धर्मशाळा बांधून घेतल्या आणि स्वतः त्यांपैकी एकीच्याही छपराखाली हक्काने राहिला नाही.

आपल्या जिल्ह्याकडे वळू. पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी हे पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मगाव. त्यांनी खासगीच्या उत्पन्नातून देशभर घाट, विहिरी, अन्नछत्रे उभारली, हे सर्वज्ञात आहे. आपल्या समाजात श्री. कुंदनमल फिरोदिया हे नगरचे वकील, स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्ते आणि मुंबई विधानसभेचे अध्यक्ष. नगरचे भाऊसाहेब फिरोदिया हायस्कूल त्यांचे नाव चालविते. चिचोंडी येथे 1900 साली जन्मलेले आचार्य आनंदऋषीजी महाराज 1992 मध्ये कालवश झाले. त्यांच्या स्मरणार्थ केवळ स्मारकशिळा न उभारता जैन सोशल फेडरेशनने नगरला रुग्णालय चालविले, जेथे कोणत्याही जातिधर्माचा रुग्ण अल्प दरात उपचार घेतो. औषधदान हे आपल्या चार दानांपैकी एक. त्यासाठी जात विचारण्याची सोय शास्त्रात नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात भूकंप झाला. मदतीच्या मालमोटारी सगळीकडूनच गेल्या. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले, आणि कापडाचा व्यापारी म्हणून ते वाचताना मला लाजही वाटली. बीड जिल्ह्यातून पुण्यास येऊन बांधकाम व्यवसायात यश मिळविलेल्या श्री. शांतिलाल मुथ्था यांनी तरुण वयातच धंदा थांबवून 1985 मध्ये भारतीय जैन संघटना स्थापिली होती. त्यांनी वेगळी वाट धरली. भूकंपग्रस्त भागातील सुमारे 1200 मुले त्यांनी शिक्षणासाठी पुण्यास आणली आणि पुढे वाघोलीच्या संकुलात ती शिकली. एका दिवसाची मदत देणारे हजारो होते. दहा-बारा वर्षांची जबाबदारी घेणारे मोजकेच निघाले.

हा प्रश्न केवळ आपल्यापुरता नाही. जामनगर परिसरातील ओशवाळ जैन कुटुंबातील श्री. मेघजी पेथराज शाह 1919 मध्ये कोवळ्या वयात केनियास गेले आणि पूर्व आफ्रिकेतील मोठे उद्योजक झाले. जामनगरचे वैद्यकीय महाविद्यालय आणि नैरोबीचे रुग्णालय ही दोन्ही त्यांच्या नावाने ओळखली जातात. जन्मभूमी आणि जेथे कमावले ती भूमी, असे दोन्हीकडचे ऋण त्यांनी मानले. आफ्रिकेतील आजच्या धनिकांपुढेही हाच विषय आहे. दक्षिण आफ्रिकेचे खाणउद्योजक पॅट्रिस मोत्सेपे यांनी 2013 मध्ये कुटुंबाच्या संपत्तीतील निम्मा वाटा गरजूंसाठी देण्याचे जाहीर केले. नायजेरियाचे अलिको डांगोटे यांनी 2014 मध्ये आपल्या प्रतिष्ठानास सव्वा अब्ज डॉलर दिले. मोत्सेपे यांनी त्या वेळी ‘उबुंटू’ या आपल्याकडील जुन्या कल्पनेचा आधार घेतला. माणूस इतर माणसांमुळे माणूस होतो, असा तिचा अर्थ. आपल्या ‘परस्परोपग्रहो जीवानाम्’ पासून ती कितीशी दूर आहे?

सन 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग सामाजिक कार्यावर खर्च करावयास सांगितले. घोडेगाव, सोनई, नेवासे येथील आपली दुकाने त्या कायद्यात बसत नाहीत. आपणांस कोणी सक्ती करणार नाही आणि म्हणूनच आपले आपण ठरविले पाहिजे. विश्वस्त मंडळापुढे माझी एक सूचना आहे. सुवर्णमहोत्सवी निधीतील ठरावीक हिस्सा इमारतीस न लावता परिसरातील गरजू विद्यार्थ्यांच्या, मग ते कोणत्याही समाजाचे असोत, भोजन व शुल्कासाठी राखून ठेवावा. आणि प्रत्येक सभासदाने आपल्या वहीत धर्माद्याचे खाते पुन्हा उघडावे, गिऱ्हाईकाच्या बिलावर नव्हे, तर स्वतःच्या नफ्यावर. सभेत यास विरोध होईल, हे मी जाणतो. ‘आधी आपले, मग इतरांचे’ असे म्हणणाऱ्यांत माझे काही जवळचे स्नेही आहेत आणि त्यांचे म्हणणे सर्वस्वी चूक आहे असेही नाही, कारण आपल्यातही अडचणीतील कुटुंबे आहेत. मात्र ‘आपले’ या शब्दाची कुंपणे कोठे घालावयाची, याचे एक उदाहरण श्रीरामपुरात उभे आहे. कर्मवीरांच्या रयत शिक्षण संस्थेचे तेथील वाणिज्य महाविद्यालय चंद्ररूप डाकले जैन यांच्या नावाने चालते, आणि तेथे जमाखर्च शिकणारी मुले ऊसतोड कामगारांच्या घरांतूनही येतात.